कडबाकुट्टीचं पातं, नांगराचा फाळ आणि बेळगाव सोडून गेलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या बाजारपेठेत किर्लोस्कर रोड आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो नेऊन सोडतो. पण हे किर्लोस्कर कोण, असं विचारलं तर तरुण पोरं बहुधा पंपाचं नाव घेतात. काही जुनी माणसं संगीत नाटकाची आठवण काढतात. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर आणि कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर हे एकाच घराण्यातले आणि एकाच गावचे. सौंदत्ती भागातलं गुर्लहोसूर हे ते गाव. घराण्याचं मूळ मात्र कोकणात, मालवण तालुक्यातल्या किर्लोसचं. अण्णासाहेबांचं नाव नाट्यगृहांत राहिलं, लक्ष्मणरावांचं नाव गोठ्यात आणि शेतात गेलं.

आज बोलायचं आहे ते लक्ष्मणरावांबद्दल, आणि तेही एका बारीकशा गोष्टीच्या अंगानं. ती गोष्ट म्हणजे धार. लक्ष्मणराव म्हटलं की मोठा उद्योगसमूह, इंजिनं, पंप, मोटारी डोळ्यांपुढे येतात. पण यातलं काहीही नव्हतं तेव्हा त्यांच्या कारखान्यातून दोन मुख्य वस्तू बाहेर पडत होत्या. एक कडबा कापायचं यंत्र आणि दुसरा लोखंडी नांगर. एकात पातं, दुसऱ्यात फाळ. दोन्ही वस्तूंची सगळी अब्रू त्या इंचभर कडेवर. कडा चांगली असेल तर गिऱ्हाईक पुन्हा येणार, नाहीतर सगळा बिडाचा सांगाडा भंगारात.

रंग दिसेनात, म्हणून रेषा धरली

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या होत्या, पण या मुलाचा जीव पोथीत रमेना. त्याला चित्रं काढायची आणि यंत्रं उघडून बघायची हौस. तेवढ्यावर 1885 साली तो मुंबईला गेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथं एक अडचण निघाली. त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे लक्षात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्या माणसाला याहून मोठा धक्का काय असणार? पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाचित्राचा रस्ता धरला आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले.

यांत्रिक रेखाचित्र म्हणजे नुसतं चित्र नव्हे. भोकाचा व्यास किती, दोन भोकांत अंतर किती, पात्याची कडा कुठल्या कोनात घासायची, हे कागदावर असं उतरवायचं की ती वस्तू कधीच न पाहिलेल्या माणसालाही ती तशीच बनवता यावी. गावातला सुतार दर नांगर त्याच्या अंदाजानं करतो. हात उत्तम असला तरी एका नांगराचा भाग दुसऱ्याला बसत नाही. कारखान्यातून निघणारे शंभर फाळ मात्र शंभर नांगरांना बसले पाहिजेत. हा फरक लक्ष्मणरावांच्या अंगात मुरला तो मास्तरकीच्या या वर्षांत.

नोकरी चांगली होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

सायकलीचं दुकान

बेळगावात त्यांचं नाव आधीच येऊन बसलं होतं. 1888 साली थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे सगळ्यांचे रामूअण्णा, यांच्याबरोबर त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा इथं त्या विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. तेव्हा सायकल ही साहेबलोकांची आणि पैसेवाल्यांची चीज होती. साधा शेतकरी तिच्याकडे नुसता बघत उभा राहायचा.

दुकानाच्या जोडीला दुरुस्ती आली आणि दुरुस्तीच्या जोडीला हत्यारं आली. एक लहान लेथ, भोकं पाडायचं यंत्र, एमरीचा फिरता दगड आणि हे सगळं फिरवायला तेलावरचं इंजिन. एवढ्या सामानावर सुरुवात झाली. परदेशी तांत्रिक मासिकं मागवून वाचायची, त्यातली चित्रं बघून यंत्राचा मेळ समजून घ्यायचा आणि हातानं करून बघायचं, असं त्यांचं शिक्षण सुरू राहिलं. त्यांच्या कारखान्याचा पाया घालणाऱ्यांपैकी शंभूराव जांभेकर तर पदवी नसलेले, हातानंच शिकलेले इंजिनिअर.

यातला एमरीचा दगड लक्षात ठेवा. लेथवर वस्तू गोल होते, ड्रिलनं भोक पडतं, पण धार निघते ती दगडावर.

पातं एकाच बाजूनं घासायचं

पहिलं शेतीचं यंत्र निघालं ते कडबा कापायचं. आपल्या भागात ज्वारीचा कडबा जनावराला अख्खा टाकला की ते पाला आणि कोवळी शेंडी खातं, जाड बुडखा पायाखाली तुडवतं. तोच कडबा बारीक करून घातला की बुडख्यासकट पोटात जातो. दुष्काळी सालात हा फरक जनावर जगण्या-मरण्याचा असतो. विळ्यानं किंवा कोयत्यानं कडबा बारीक करणं म्हणजे एक माणूस अर्धा दिवस अडकून पडला. विलायती यंत्रं होती, पण ती सामान्य शेतकऱ्याच्या ऐपतीतली नव्हती.

यंत्राचा मेळ सोपा आहे आणि आजही बदललेला नाही. कडबा लाकडी किंवा पत्र्याच्या पाळण्यात घालायचा. दोन दातेरी रूळ तो धरून पुढं ढकलतात. पुढं लोखंडी तोंड असतं. त्या तोंडासमोरून जड चाक फिरतं आणि चाकाच्या आऱ्यांवर वाकडी पाती नटबोल्टनं आवळलेली असतात. चाक एकदा फिरलं की पातं तोंडाच्या पट्टीला घासून जातं आणि कडब्याचा तुकडा पडतो. कात्रीचाच प्रकार, फक्त एक पान स्थिर आणि दुसरं फिरतं.

खरी मेख त्या दोन पानांमधल्या फटीत आहे. फट जास्त राहिली तर कडबा कापला न जाता वाकून आत शिरतो आणि यंत्र दाटतं. फट अजिबात नसली तर पातं पट्टीवर आदळतं आणि त्याला खाचा पडतात. म्हणून पात्याच्या मागं फट कमी-जास्त करायला स्क्रू ठेवतात. आणि पातं घासायचं ते एकाच बाजूनं. तोंडाकडची बाजू सपाटच राहिली पाहिजे, उतार बाहेरच्या अंगाला. नवख्या माणसानं दोन्ही बाजूंनी घासलं की कडा पट्टीपासून दूर जाते, आणि मग स्क्रू कितीही आवळा, काम होत नाही. ज्याच्या गोठ्यात कडबाकुट्टी आहे त्याला हे सांगायची गरज नाही.

या यंत्राला एक काळी बाजूही आहे. पेंढी ढकलताना हात रुळात गेला की थांबायला वेळ मिळत नाही. हातानं फिरवायच्या यंत्रापेक्षा आताच्या मोटारीवरच्या यंत्रात धोका जास्त, कारण मोटार काही माणसाचा आवाज ऐकत नाही. बोटं गमावलेली माणसं आपल्या गावागावांत आहेत. त्यात बोथट पातं आणखी वाईट, कारण कडबा दाटला की तो मोकळा करायला हात पुढं जातो.

त्याच वर्षांत, बोस्टनमध्ये

लक्ष्मणराव बेळगावात पात्याच्या मागं लागले होते, त्याच सुमाराला सातासमुद्रापार अमेरिकेतही एक माणूस पात्याच्याच मागं होता. किंग कॅम्प जिलेट त्याचं नाव. दाढीचं पातं इतकं पातळ आणि स्वस्त करायचं की धार गेली की फेकून द्यावं, असा त्याचा बेत. कंपनी 1901 साली बोस्टनमध्ये निघाली. 1903 साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षात, अवघी 51 खोरी आणि 168 पाती खपली.

कल्पना जिलेटची, पण ती प्रत्यक्षात आणली विल्यम निकरसन या इंजिनिअरनं. अडचण अशी होती की कागदासारखी पातळ पोलादाची पट्टी कडक करायला तापवून थंड केली की ती वेडीवाकडी व्हायची, आणि हातानं एकेक पातं घासायचं तर ते फेकून देण्याइतकं स्वस्त कसं होणार? निकरसननं पोलादाला पाणी देण्याची रीत बसवली आणि धार लावायची यंत्रं बनवली. पुढं याच वाटेवर आपोआप चालणारी यंत्रं आली. पोलादाची लांबच लांब पट्टी एका टोकानं आत जाते, तिला भोकं पडतात, ती भट्टीतून जाते, मग एकामागून एक फिरत्या दगडांखालून. आधी जाड दाण्याचा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी फिरती चामड्याची चाकं कडेवरून हात फिरवल्यासारखी जातात आणि राहिलेली कुसळं काढून तिला झिलई देतात.

हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. गावचा न्हावी आधी वस्तरा दगडावर पाजवायचा आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटा-सुलटा मारायचा, तीच ही रीत. फरक एवढाच की न्हाव्याच्या मनगटात जे कसब होतं ते यंत्राच्या चाकात गेलं. पात्याची धार कारखान्यात एकदाच लागणार, पुन्हा कुणीही ती लावायची नाही, असा हा हिशेब. बोथट झालं की नवं घ्या. जगभर हा धंदा तुफान चालला आणि वस्तऱ्याला पट्ट्यावर पाजवणारे हात कमी होत गेले.

बेळगावच्या शेडमध्ये हा हिशेब चालला नसता. इथला शेतकरी दर महिन्याला नवं पातं विकत घेणार नव्हता. त्याला पातं असं हवं होतं की चाकावरून सोडवून, कानशीनं किंवा दगडावर घासून, जेवायच्या आत पुन्हा जागेवर बसवता येईल. कारखान्यापासून पन्नास मैलांवर, इंजिनिअर नाही, रेल्वे नाही, अशा वाडीत यंत्र पाच-दहा वर्षं चालायचं असेल तर त्याची धार मालकाच्याच हातात राहिली पाहिजे. धार परत लावता येणं हाच त्या यंत्राचा मोठा गुण.

नांगर विकायला दोन वर्षं

कडबाकुट्टीनंतर लोखंडी नांगर. हा 1903 च्या सुमाराचा. लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खाली शिरतो आणि वरचा वाकडा पत्रा माती पलटी करतो. कुंदा, हरळी मुळासकट वर येते आणि उन्हात वाळते. काळ्या रानात हा फरक ज्यानं पाहिला तो पुन्हा जुन्याकडे जायचा नाही.

पण आधी पाहिला तर पाहिजे. लोखंडानं जमिनीला विष बाधतं असा समज लोकांत पक्का होता. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं गेली. या समजावर आज हसणं सोपं आहे. पण ज्याचं सगळं पोट चार एकरांवर आहे, तो एका वर्षाचं पीक एका अनोळखी यंत्रावर लावायला सहजी तयार होत नाही, आणि त्यानं होऊही नये. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवला, तक्रारी ऐकल्या, माल सुधारला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुना फाळ घडीव लोखंडाचा. तो झिजला की गावचा लोहार भट्टीत लाल करून, ठोकून लांबवून द्यायचा आणि त्याला पाणी द्यायचा. बिडाचा फाळ असा ठोकता येत नाही. ठोकलात तर फुटतो. बिडाचा फाळ टिकाऊ करायची रीत वेगळी. ओततानाच साच्यात फाळाच्या खालच्या अंगाला लोखंडी ठोकळा ठेवायचा. त्याला लागून रस झटकन थंड होतो आणि तेवढीच बाजू काचेसारखी कडक होते. मग वरचा मऊ भाग आधी झिजतो, खालचा कडक भाग पुढं राहतो, आणि फाळ मातीत चालता चालताच स्वतःला धार लावत जातो. पण तो पुरता झिजला की त्याला उपाय नाही, नवाच घ्यावा लागतो.

म्हणजे जिलेटचा हिशेब वेगळ्या वाटेनं इथंही आला. पातं शेतकऱ्याच्या हातात राहिलं, फाळ मात्र कारखान्याच्या हातात गेला. फाळ विकत घ्यायची सवय लागली तसं गावच्या लोहाराचं बलुतं पातळ व्हायला लागलं. नांगरानं शेतकऱ्याचं रान सुधारलं हे खरं, आणि लोहाराच्या भात्याची हवा कमी झाली हेही खरं. लक्ष्मणरावांचं मोठेपण सांगताना यातली दुसरी बाजू गाळायचं कारण नाही.

बेळगावनं जागा काढून घेतली

आता या गोष्टीतला आपल्याला टोचणारा भाग.

धंदा बसत होता, नांगर खपायला लागले होते, माणसं हाताखाली तयार झाली होती. त्याच वेळी बेळगाव शहर वाढत होतं. कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी होती, आणि नगरपालिकेकडून ती सोडायचा तगादा आला. कारखाना हलवायचा म्हणजे ओतकामाची भट्टी, यंत्रं, साचे, कारागीर आणि त्यांची बिऱ्हाडं, सगळंच उचलायचं. त्याला पैसा लागतो आणि नवी जागा लागते. लक्ष्मणरावांकडे दोन्ही नव्हतं.

तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हे स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि संस्थानिक असूनही लोकांच्या कामात रस घेणारे. त्यांनी लक्ष्मणरावांना औंधात बांधकामाचं काम दिलं, बिनव्याजी 10,000 रुपये दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान. साप इतके की रात्री बाहेर पडायची सोय नाही. 10 मार्च 1910 ला तिथं मुहूर्त झाला. पंचवीसएक कामगार, त्यांची बायकामुलं आणि मोजकी यंत्रं एवढ्यावर किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली.

वाडी उभारायला कोण कोण होतं ते बघण्यासारखं आहे. बंधू रामूअण्णा वसाहत सांभाळत. जांभेकर यंत्रं. मंगेशराव रेगे हिशेब. पुढं पुतणे शंकरराव जाहिरात आणि छापखाना बघायला लागले. त्यातूनच 1920 साली किर्लोस्कर खबर निघालं, आणि पुढं स्त्री आणि मनोहर ही मासिकं आली. मराठी घरांत कितीतरी वर्षं वाचली गेलेली ही मासिकं नांगराच्या कारखान्याच्या पोटातून जन्मली, हे आज सांगूनही खरं वाटत नाही. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा नियम. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कामावर घेतलं. रात्रीच्या राखणीला ठेवलेला पिऱ्या मांग हा अशांपैकीच.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आटलं. भट्टी विझायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले. संस्थानातल्या गडावर पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांनी ओतकामासाठी दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. ज्या काळात सगळं जग उलटं करत होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगर आणि कडबाकुट्टीच्या जोडीला उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली, पंप आले. मुलगा शंतनुराव बोस्टनजवळच्या एमआयटीत शिकून 1926 साली परतला. दाढीच्या पात्याची यंत्रं बनवणारा निकरसनही याच संस्थेत शिकलेला. जग लहान आहे ते असं.

रेघेच्या दोन्ही बाजूंना

1941 साली किर्लोस्करांनी हरिहरला, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात, लेथ आणि इतर यंत्रं बनवायचा कारखाना काढला. म्हणजे यंत्रं बनवायची यंत्रं. 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला. ज्या माणसाला बेळगावात एका शेडपुरती जागा मिळेना, त्याच्या घराण्याचे कारखाने आजच्या दोन्ही राज्यांत पसरले.

किर्लोस्करवाडीनं पाट्याही बदललेल्या पाहिल्या. आधी औंध संस्थान, संस्थान विलीन झाल्यावर दक्षिण सातारा जिल्हा, 1960 पासून सांगली जिल्हा. पण फाळाचं माप त्यामुळे बदललं नाही.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला पुण्यात गेले. त्यानंतर बरोबर 36 दिवसांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यांची पुनर्रचना अमलात आली. त्यांचं जन्मगाव गुर्लहोसूर आणि त्यांचं पहिलं दुकान असलेलं बेळगाव त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेलं. त्यांनी वसवलेली वाडी रेघेच्या अलीकडे राहिली. ती रेघ त्यांनी पाहिली नाही. आपण मात्र तेव्हापासून तिच्यावरच उभे आहोत. निपाणीचा शेतकरी कोल्हापूरला उसाचा भाव विचारतो, चंदगडचा माणूस दवाखान्यासाठी बेळगाव गाठतो, आणि दोघांच्याही गोठ्यात तेच दातेरी रूळ, तीच वाकडी पाती.

1969 साली जन्मशताब्दीला सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. किर्लोस्कर रोड तर आधीपासून आहेच. मान द्यायला आपण कधी मागं नसतो.

पण या आयुष्यातून आपल्या भागानं शिकायचं ते तिकिटावर छापलेलं नाही. कारखाना म्हणजे चार भिंती आणि पत्रे नव्हेत. साचा कसा भरायचा, पात्याचा उतार कुठल्या कोनात ठेवायचा, बिडाचा रस कधी ओतायचा हे ज्यांच्या हातात बसलंय ती माणसं म्हणजे कारखाना. त्या वेळी शहराला एक गैरसोयीचं, आवाज करणारं, धूर सोडणारं शेड दिसलं. त्या शेडमधले हात दिसले नाहीत. ते हात कुंडलच्या निवडुंगात गेले आणि गावच्या गाव उभं करून बसले.

आजही बेळगावात उद्यमबागेत आणि आसपास ओतकामाच्या भट्ट्या चालतात, मशीन शॉप चालतात, गल्लीबोळांत दोन लेथ आणि एक ग्राइंडर टाकून बसलेली पोरं आहेत. निपाणीकडच्या बाजारात कडबाकुट्टीची पाती घासून द्यायला बसणारा माणूस आहे. त्यांच्यातला कोण उद्या काय बनवेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. 1910 च्या आधी बेळगावलाही सांगता आलं नव्हतं. तेव्हा शहराचा नवा आराखडा येईल, रस्ता रुंद करायचा ठरेल, निवासी भागातून शेडं हलवायचा ठराव महापालिकेपुढं किंवा नगरपालिकेपुढं येईल, तेव्हा नगरसेवकांनी नोटीस काढण्याआधी एवढंच विचारावं: हलवायचंच असेल तर यांना जागा कुठं देतोय, वीज कधी देतोय आणि मधल्या काळात यांचे कामगार काय खाणार? ही तीन उत्तरं तयार नसतील तर ठराव पुढच्या बैठकीवर ठेवावा.